गाठ काढण्याआधी थायरॉइड जागेवर आहे का, ते पाहिलं

लेकीच्या हनुवटीखाली, अगदी मधोमध, बोराएवढी गाठ दिसू लागली. ना दुखणं, ना ताप. पहिल्या डॉक्टरांनी हात लावूनच "थायरोग्लॉसल सिस्ट आहे, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, काढून टाकू" असं सांगितलं. आम्ही दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं, म्हणून वाचलो.

त्यांनी तिला घोटभर पाणी प्यायला लावलं, मग जीभ बाहेर काढायला सांगितली. दोन्ही वेळा गाठ वर सरकली. ते म्हणाले, "गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात खाली उतरते. ती वाट बुजली नाही तर सिस्ट होते. पण कधी ग्रंथीच वाटेत अडकते. ही गाठच तिची थायरॉइड असली, तर ती काढल्यावर मागे काय उरणार?"

सोनोग्राफीच्या डॉक्टर श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा प्रोब फिरवत राहिल्या. जागा रिकामी होती. रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, बरंच वाढलेलं. मग थायरॉइड नेमकी कुठे आहे ते दाखवणारा टेक्नेशियम स्कॅन झाला. शिरेत इंजेक्शन, थोडा वेळ थांबणं, आणि मान मागे करून कॅमेऱ्याखाली न हलता पडणं. तिचा हात धरून मी पडद्याकडे पाहत होते. गळ्याच्या खालच्या भागात काहीच नाही, हनुवटीखाली मात्र एक ठळक ठिपका. तिची थायरॉइड तेवढीच होती.

सोनोग्राफीत सुई टोचायची नसते, भूल द्यायची नसते. गळ्याच्या मधल्या गाठीला ती न करता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर पालकांनी सरळ विचारावं, थायरॉइड जागेवर आहे का? सिस्टच निघाली तर सिस्ट्रंक ऑपरेशन करतात. त्यात जिभेखालच्या हायॉइड हाडाचा मधला तुकडाही काढतात, नाहीतर गाठ परत येण्याची शक्यता बरीच वाढते.

आमचं ऑपरेशन रद्द झालं. "मग ही गाठ अशीच ठेवायची का गं?" सासूबाईंना पटेना. त्यांना समजावलं, की ग्रंथी कमी पडते म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते आणि त्या रेट्याने गाठ फुगते. थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्याच संप्रेरकाच्या, गोळीने तो रेटा कमी होतो. सकाळी उपाशीपोटी गोळी, दूध-नाश्ता अर्ध्या तासाने, लोहाचं औषध चार तासांनी. आता सासूबाईच घड्याळ लावून देतात. गाठ हळूहळू आकसली. मान वर केली तरच दिसते. वजन वाढेल तसा डोस बदलेल, म्हणून टीएसएचची तपासणी ठरल्या वेळी चालूच आहे.