हनुवटीवरचे केस आणि चुकीची टाकलेली तपासणी

हनुवटीवर जाड काळे केस आणि दोन-दोन महिने लांबणारी पाळी, म्हणून हार्मोन्सच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ असे नऊ भाग पाहून गुण दिले आणि तपासण्या लिहून दिल्या. टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन सगळं पटकन झालं. अडलं ते १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या तपासणीपाशी.

बहुतेक जणींना असे केस पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडामुळे, येतात. पण काहींच्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत एक एन्झाइम जन्मापासून कमी असतं आणि लक्षणं हुबेहूब तशीच दिसतात. ते या तपासणीत कळतं. रक्त द्यायचं पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत, सकाळी आठच्या सुमारास. बीज सुटल्यावर ही पातळी एरवीही चढते. पाळीच वेळेवर येत नाही तिने किती थांबायचं!

शेवटी आली तेव्हा सकाळी लवकर लॅब गाठली. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी पाहून नुसतं प्रोजेस्टेरॉन टाकलं. "अहो, इथे १७-ओएच लिहिलंय," म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, एकच असतं ते." एकच नसतं! साधं प्रोजेस्टेरॉन बीज सुटलं का हे बघायला, पुढची पाळी यायच्या आठवडाभर आधी करतात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवला. लॅबने पैसे परत केले, पण पुन्हा पाळीची वाट पाहणं आलं. तोवर उपचाराच्या हार्मोन गोळ्याही सुरू करता येईनात, कारण त्यांनी आकडे बदलतात. अजून आठवलं की संताप होतो. सुई टोचून घेण्याआधी पावतीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून बघा आणि पटलं नाही तर खुर्चीवरून उठा.

दुसऱ्यांदा १७-ओएचचा आकडा मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या आत आला. म्हणजे एन्झाइमची कमतरता नाही, पीसीओएसच. किती हलकं वाटलं! सोनोग्राफी करावीच लागली नाही. अनियमित पाळी आणि वाढलेलं टेस्टोस्टेरॉन एवढं निदानाला पुरलं. गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर थ्रेडिंग खुशाल करा, त्याने केस वाढत नाहीत.

हो, बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, हार्मोन्सचे आकडे चुकू शकतात. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर पाळीसाठी अजिबात थांबू नका. अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ नाही ना, हे आधी बघावं लागतं.