लिफ्ट, पंप आणि ६००० ची एमसीबी

२०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकराला मेन पॅनेल पार्किंगमधून वर का न्यायचं, हे समजवावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत तो ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला. घोळ झाला तो पॅनेलमध्ये काय बसवायचं यावर.

ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये मेन एमसीसीबी, म्हणजे मागचा मोठा ब्रेकर, दणकट होती, पण पुढच्या सगळ्या एमसीबी, म्हणजे शॉर्ट झाला की आपोआप करंट तोडणारे छोटे ब्रेकर, ६ केएच्या (६००० अँपिअरच्या), त्याही दुसऱ्या कंपनीच्या. "मागं मोठा ब्रेकर हाय की सेक्रेटरीसाहेब, कशाला काळजी करताय?"

एमसीबीच्या तोंडावर चौकटीत ६००० छापलेलं असतं. शॉर्टसर्किटचा तेवढ्या अँपिअरपर्यंतचाच करंट ती धडपणे तोडते. आमच्या कंपाउंडला लागूनच डीपी, ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीए, इम्पिडन्स (करंटला होणारा त्याचा आतला अडथळा) ५ टक्के. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं: ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ४३८ अँपिअर, भागिले ०.०५, म्हणजे शॉर्ट झाला तर पावणेनऊ हजार अँपिअर. केबल आखूड, त्यामुळे त्यात फार घट नाही.

मोठ्या ब्रेकरच्या पाठबळावर छोटा चालवता येतो, पण ती जोडी कंपनीनं एकत्र टेस्ट करून तक्त्यात दिलेली लागते. दोन कंपन्यांची मोट बांधून तो तक्ता मिळत नाही.

शिवाय मोटारी. शॉर्ट झाला की फिरती मोटर बंद पडता पडता काही क्षण जनरेटरसारखी उलटा करंट देते, साधारण फुल लोडच्या चार-सहा पट. हा करंट मेनमधून जातच नाही, थेट छोट्या एमसीबीवर येतो. मग मागच्या पहिलवानाचा उपयोग काय? अमेरिकेच्या कोडमध्ये यासाठी मर्यादाच आहे: अशा मोटारींचा एकूण फुल लोड करंट छोट्या ब्रेकरच्या क्षमतेच्या १ टक्क्याहून जास्त असेल, तर ही जोडी चालत नाही. ६ केएला ६० अँपिअर. आमची लिफ्ट ११, पाण्याचे दोन पंप मिळून १५, फायर पंप ४०. झाले ६६. सगळं एकदम क्वचितच चालतं हे मान्य, पण आग लागेल त्या दिवशीचं कोण सांगणार?

तो कोड आपल्याला लागू नाही, असं ठेकेदार म्हणाला. बरोबरच होतं. पण पावणेनऊ हजारांचा आकडा तर आमच्याच डीपीचा होता. शेवटी सगळ्या एमसीबी १० केएच्या घेतल्या. मोटारींची भर धरूनही त्या पुरतात. खजिनदार थोडे कुरकुरले.

पॅनेलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: 'बदलायची वेळ आली तर १०००० छापलेलीच आणा.' वायरमन रात्री अकराला कोपऱ्यावरच्या दुकानातून काय उचलून आणेल, याचा नेम नसतो.