मामांच्या हवाईयन गिटारची आस

हवाईयन गिटारमध्ये खरं संगीत तार छेडून झाल्यावर सुरू होतं. पिकनं आघात केला की पुढचं सगळं डाव्या हातातल्या स्टीलच्या बारकडे, म्हणजे छोट्या दांडीकडे. तो तारेवरून सरकतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघते आणि विरत चाललेला स्वर पुढच्या स्वरात जाऊन मिळतो. ही मागे रेंगाळणारी आस म्हणजेच या वाद्याचा जीव. आणि फोनवर रेकॉर्ड केलं की नेमकी तीच जाते.

यात फोनचा दोष नाही. बोलणं स्पष्ट पोचावं यासाठीच त्याची रचना असते. मोठा आवाज तो दाबतो, लहान उचलतो आणि फारच बारीक झाला की गोंगाट समजून कापतो. माझे मामा इंदूरच्या रामबागेत राहतात. आमच्या घरात त्यांच्या वादनाच्या कितीतरी क्लिप्स फिरत होत्या, पण प्रत्येकीत स्वर मध्येच तुटलेला. शिवाय मागे कुकरच्या शिट्ट्या आणि सकाळची असेल तर कचरागाडीचं स्वच्छतेचं गाणं. मामा तरुणपणी नोकरी सांभाळून वाजवायचे. मालवा हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या आकाशवाणी इंदूरला जाऊनही वाजवून आले. त्यातलं काहीही घरात नाही. आता त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तीन मजले चढून कुणाच्या स्टुडिओत जायला मी त्यांना सांगणार नव्हतो. स्टुडिओच त्यांच्या दिवाणखान्यात न्यायचा होता.

म्हणून दोन इनपुटचा, तळहातावर मावणारा ऑडिओ इंटरफेस घेतला, म्हणजे वाद्याचा आवाज टॅबलेटमध्ये पोचवणारी डबी. माझ्याकडे आयपॅड होताच. असा इंटरफेस घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, तो क्लास कम्प्लायंट हवा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता टॅबलेट त्याला ओळखतो. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडला तो एका केबलनं जोडता येतो. जुन्या लाइटनिंगवाल्याला ॲपलचा कॅमेरा ॲडॅप्टर लागतो, तोही चार्जिंगची जागा असलेला घ्यावा. दुसरी गोष्ट, त्यावर गिटारसाठीचा इनपुट हवा, ज्याला हाय-झेड किंवा ‘इन्स्ट’ लिहिलेलं असतं. गिटारचा साधा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, फार नाजूक सिग्नल देतो. साध्या लाइन इनपुटचा रोध साधारण 10 किलोओहम असतो. त्यात गिटार घातली की वरचे स्वरांश गळतात आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. हाय-झेडचा रोध 1 मेगाओहमच्या आसपास असतो, त्यामुळे पिकअपवर भार पडत नाही आणि बार तारेवर घासल्याचा तो बारीक चमकदार आवाज टिकतो.

मामांची गिटार कोलकात्याची आहे, चुंबकी पिकअपवाली. या पिकअपचा इतिहास मला फार आवडतो. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हवाईयनच होती, रिकनबॅकरची, 1932 सालची, जिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. आज जिला सगळे रॉकचं वाद्य समजतात, तिला विजेची जोड आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवणाऱ्यांसाठी मिळाली. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मामींना स्वयंपाकघरातून बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विजेच्या घरघरीत. घर जुनं, अर्थिंग नावापुरतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पिकअपमध्ये 50 आणि 100 हर्ट्झची गुणगुण शिरते. मामा पांढरी दोनमध्ये वाजवतात, म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी हा त्यांचा सा. त्या पट्टीत पाहिलं तर 50 आणि 100, दोन्ही पांढरी पाचच्या किंचित वर पडतात, म्हणजे जरा चढा शुद्ध मध्यम. मामांनी वाजवायला घेतला भूप राग. भूपात मध्यम वर्ज्य! सबंध आलापभर खाली वर्ज्य स्वर धरलेला. हेडफोन लावताच मामा म्हणाले, “अरे, हा म कोण लावतंय?” त्या वयात इतकं बारीक ऐकणारा कान बघून मला भरून आलं.

उपाय साधे होते. टॅबलेट आणि इंटरफेस दोन्ही बॅटरीवर चालवायचे, चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा. टॅबलेटवर रेकॉर्ड करण्याचा मोठा फायदा हाच, शिवाय लॅपटॉपसारखी आतल्या पंख्याचीही घरघर नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट बंद. एवढं करूनही थोडी गुणगुण उरते, कारण एका गुंडाळीचा पिकअप भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकी क्षेत्रही पकडतो. पण त्याला दिशा असते. मी कानाला हेडफोन लावून मामांची खुर्ची हळूहळू फिरवली. खिडकीकडे तोंड करून ते जरा तिरके बसले आणि गुणगुण जवळजवळ गेली. आता तिथे फरशीवर खडूची खूण आहे.

इंटरफेसवरचं फँटम पॉवरचं 48 व्होल्टचं बटण बंदच ठेवा. ते कंडेन्सर माइकसाठी असतं, गिटारला त्याचा उपयोग नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते.

हेडफोन वायरचेच हवेत, आणि हवाईयन वाजवणाऱ्यासाठी याबाबत तडजोड नाही. साध्या गिटारवर बोट पडद्यामागे दाबलं की स्वर जागेवर येतो. इथे बार पडद्यांना टेकतच नाही, नुसता तारेवर तरंगतो. स्वराची जागा कानच ठरवतो. कानाला स्वर उशिरा मिळाला तर हात भरकटतो आणि मींड बेसूर होते. ब्लूटूथमध्ये हा उशीर सहज 100 मिलिसेकंदांच्या वर जातो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे स्वतःची गिटार 34 मीटरवरून ऐकत वाजवण्यासारखं झालं. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर टॅबलेटला वळसा न घालता आवाज थेट कानात येतो. मामांना मी तोच देतो. रिव्हर्ब (घुमारा) नंतर घालता येतो, सूर नाही.

रेकॉर्डिंग गॅरेजबँड या ॲपलच्या ॲपमध्ये करतो. आलाप घेणाऱ्यांनी तिथे एक सेटिंग आधी बदलावं. नव्या गाण्यात सुरुवातीला 8 बारांचाच विभाग असतो (हा बार स्टीलचा नव्हे, चार मात्रांचा गट). मिनिटाला 110 मात्रांच्या लयीत तो 17-18 सेकंदांत संपतो, आणि एवढ्यात आलापाचा षड्जही धड लागत नाही. विभागाची लांबी ‘ऑटोमॅटिक’ करा, मेट्रोनोम बंद करा, सेटिंगमध्ये 24 बिट चालू करा.

24 बिटचं महत्त्व पुन्हा आसेशीच येतं. 16 बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं, 24 मध्ये कागदोपत्री 144. त्यामुळे गेन, म्हणजे इनपुटचा आवाज, बिनधास्त कमी ठेवता येतो. मामांच्या अंगठ्याचा सर्वांत जोरकस आघात मी कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली, म्हणजे उणे 12 च्या आसपास ठेवतो. वर जागा राहते, क्लिपिंगची (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याची) भीती नाही, आणि तळाशी विरत गेलेला स्वरही शाबूत राहतो.

पूर्ण भूप रेकॉर्ड झाल्यावर मामांनी तो डोळे मिटून ऐकला. गंधारावरून पंचमाकडे जाणारी एक लांब मींड त्यांनी मागे नेऊन परत ऐकली आणि म्हणाले, “ही मी माझी अशी कधी ऐकलीच नव्हती.” बडोद्याच्या मावसबहिणीला फाइल पाठवताना व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजनं नाही, ड्राइव्हवरून मूळ वेव्ह फाइल पाठवली. एवढं जपलेलं शेवटच्या पायरीवर चेपायचं कशाला?

पुढच्या रविवारी भैरवी आणि दोन अभंग घ्यायचे आहेत. इंदुरात कुणाच्या घरी कपाटावर हवाईयन गिटार पडून असेल आणि ती वाजवणारे आजोबा-आजी, काका-काकू घरात असतील, तर खाली लिहा. इंटरफेस पिशवीत मावतो. मी घेऊन येईन.