तेलाचे तीन थेंब आणि खानापूरची बस

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपमध्ये एक सेकंडहँड जपानी सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ, आलं. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, असली मशीनं बघायला मिळतात, तिकडं वापरून झालेली, इकडं रंग मारून उभी केलेली, आणि चालतात पण झकास, त्याबद्दल तक्रार नाही. स्क्रीनवर इंग्लिश होतं, पण टाकीवर, पंपाजवळ, पॅनेलच्या दारावर ज्या पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या त्या सगळ्या जपानीत, आणि मॅन्युअल म्हणाल तर विकणाऱ्यानं "आज देतो उद्या देतो" करत शेवटपर्यंत दिलंच नाही.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. मशीनला दोन टाक्या, एक स्लाइडवेच्या, म्हणजे सरकत्या भागांच्या, ऑइलची आणि एक हायड्रॉलिकची, म्हणजे दाबानं काम करणाऱ्या तेलाची, दोन्हीवर तीन तीन अक्षरांची पट्टी, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरनं ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल हायड्रॉलिकच्या टाकीत ओतलं, जिथं ३२ नंबर, म्हणजे पातळ, लागतं. टाकी रिकामी करा, धुवा, परत भरा, एक अख्खी शिफ्ट गेली. शेठ तापले. ऑपरेटर बिचारा म्हणाला, "सर, दोन्हीकडं तेच लिवलंय की ओ, शेवटचं अक्षर बघा, सेम हाय."

मी बघितलं तर खरंच सेम.

आणि मला एकदम आजी आठवली. आजी शाळेत कधी गेली नाही, पण बेळगावच्या बसस्टँडवर खानापूरची बस कुणाला न विचारता ओळखायची. बोर्ड कन्नडमध्ये, तिला ना कन्नड वाचता येत ना मराठी, तरी लांबूनच म्हणायची, "आली बघ." लहानपणी मी एकदा विचारलं, कसं कळतं गं तुला? तर म्हणाली, "शेवटाला कसं हाय बघ, गोल आनि डोस्क्यावर शेंडी." म्हणजे ती पाटी वाचत नव्हतीच, अख्ख्या नावाचा चेहरा ओळखत होती. आता गंमत अशी की कोल्हापूरच्या बोर्डाचा शेवट पण तोच, पुर म्हणजे पुरच. एकदा ती तसल्या बसमध्ये बसली आणि कंडक्टरनं तिकीट फाडायला घेतलं तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यावरची काकती आलेली. "अज्जी, इळीरि इळीरि, इदु कोल्हापूर बस्सु" म्हणत त्यानं उतरवलं. त्यानंतर आजी बोर्डाचं पहिलं अक्षरसुद्धा बघायला लागली. एवढाच तिचा अभ्यास.

तर आमच्या तेलाच्या पट्टीचं पण खानापूर-कोल्हापूरच झालेलं. शेवटचं अक्षर 'यु', म्हणजे तेल. ते दोन्हीकडं असणारच, फरक आधीच्या अक्षरांत. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघितलं, कधी बरोबर यायचं कधी भलतंच, कारण पट्टीवर वीस वर्षांची चिकट घाण. मग रॉकेल लावून चिंधीनं पुसली आणि एक एक अक्षर वहीत काढलं, चित्र काढल्यासारखं. तेलाच्या अक्षरात डावीकडं तीन छोटे फटकारे असतात, दोन वरून खाली पडणारे आणि तिसरा खालून वर उचललेला. ते पाण्याचे थेंब. ज्या अक्षराला डावीकडं हे तीन थेंब त्याचा बहुतेक वेळा पाण्याशी नाहीतर पातळ गोष्टीशी काहीतरी संबंध, समुद्राला असतात, दारूला पण असतात. आणि खरी मजा पुढं. स्लाइडवेच्या टाकीवर लिहिलेलं 'जुन्कात्सुयु', म्हणजे वंगणाचं तेल, त्याच्या तीनही अक्षरांना थेंब! हायड्रॉलिकच्या टाकीवर 'सादोयु', त्यात फक्त शेवटच्या अक्षराला. ऑपरेटरला एवढंच सांगितलं, तिन्हीला थेंब असतील तर ६८, एकालाच असेल तर ३२. परत कधी चूक झाली नाही, आणि त्याला जपानीतलं ज्ञ सुद्धा येत नाही.

इथनं मला नाद लागला.

आधी त्यांची साधी अक्षरं केली, हिरागाना आणि काताकाना, दोन्हीत मूळ ४६ अक्षरं, जेवणाच्या सुट्टीत जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला गिरवत. काताकाना मशीनवर सगळीकडं असतं कारण बाहेरचे शब्द त्यात लिहितात, 'चाक्कु' म्हणजे आपला चक, लेथवर जॉब धरून ठेवणारा, 'पोम्पु' म्हणजे पंप, 'कूरान्तो' म्हणजे कूलंट. म्हणजे तेही आपल्यासारखेच, बाहेरचा शब्द घेतला, आपल्या अक्षरात घातला आणि सरळ वापरायला लागले. क ची अक्षरं येत असली की ग फुकट मिळतो, वर दोन छोट्या रेघा मारल्या की झालं, त चा द पण तसाच. पण शि आणि त्सु मला अजून दगा देतात, लहान पोरांचा घ आणि ध होतो तसं.

आणि त्यांची वर्णमाला म्हणून बघितली तर अंगावर काटाच आला. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हे तर आपलंच पाढ्यासारखं म्हणायचं! क नंतर च च्या जागी स, मग त, आणि प च्या जागी ह, कारण म्हणे त्यांचा ह फार पूर्वी प असाच उच्चारायचे. हा क्रम तिकडं गेला तो संस्कृत मंत्रांच्या अभ्यासातून. बौद्ध भिक्खू सिद्धम लिपी शिकायचे, कूकाई नावाचा भिक्खू ८०६ साली चीनमधून जपानला परतला तेव्हा त्या लिपीतलं बरंच काही घेऊन गेला. सिद्धम ब्राह्मीचीच नात, आपली देवनागरी पण आणि कन्नड पण त्याच घरातली. आमच्याकडं पाटी कुठल्या लिपीत असावी यावरनं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात पडत नाही, पण हे वाचून जरा हसू आलं.

कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थाची अक्षरं, मात्र वेगळं प्रकरण. तिथं रोजच्या वापराची म्हणून सरकारी यादीच २,१३६ अक्षरांची आहे, त्यातली १,०२६ पोरं सहावीपर्यंत शिकतात. मला आत्ता दीडशेच्या आसपास येतात, त्यातली निम्मी मशीनवरची, त्यामुळं मला 'मांजर' वाचता येत नाही पण 'इमर्जन्सी स्टॉप' येतं. मेन स्विचवर एका बाजूला मला माणसाचं अक्षर दिसलं आणि दुसऱ्या बाजूला 'कापणे', ज्यात तलवार असते. म्हटलं बापरे, हे काय, माणूस कापायचा स्विच? नंतर कळलं ते माणसाचं नव्हे, 'आत येणे'चं, दोन्हीला दोनच रेघा, फक्त वरच्या टोकाला कुठली रेघ पुढं आली एवढाच फरक. आत म्हणजे चालू, कापलं म्हणजे बंद. ऑटो-मॅन्युअलच्या पट्टीवरचं 'हलणे' तर फारच आवडलं, डावीकडं 'जड', उजवीकडं 'जोर'. जड वस्तूला जोर लावला की ती हलते, आता हे कुठल्याही हमालाला विचारा.

रस्त्यावर पण तेच व्हायला लागलं. होंडाची गाडी दिसली की डोक्यात शेताचं अक्षर येतं, कुबोटाच्या ट्रॅक्टरचं पण तेच, चौकोनात अधिक चिन्ह, म्हणजे बांध घातलेले चार वाफे. मित्सुबिशी म्हणजे तीन शिंगाडे, आता उपवासाला घरी शिंगाड्याचं पीठ काढलं की मी उगाच सगळ्यांना हे सांगतो आणि बायको म्हणते, "झालं सुरू."

डिसेंबरमधली जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, त्यातली सगळ्यात खालची पायरी एन-फाइव्ह द्यायचं डोक्यात आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागेल. शेठ म्हणतात सुट्टी घे, पण पगारी नाही.

गेल्या रविवारी आजीला वही दाखवली. थेंबाचं तिला पटलं. शेताचं बघून म्हणाली, "चारच वाफं? गरीब हाय की रे." मग झाड काढून दाखवलं, एक झाड म्हणजे झाड, दोन शेजारी शेजारी म्हणजे झाडी, आणि एक वर दोन खाली अशी तीन म्हणजे घनदाट रान. तिनं वही लांब धरली, डोळे बारीक केले, बोर्ड बघायची तशी, आणि म्हणाली,

"म्हंजे खानापूरच की."