पल्स आखूड केला तेव्हा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तीन महिने माझा प्रकाशाचा स्विच एकाच दिशेने चालत होता. जायचा, पण परत यायचा नाही.

सिलिकॉन चिपवर प्रकाशाची वाट बदलायला सर्रास हीटर वापरतात. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक बदलतो. आमचा साधा हीटर सुमारे 20 मिलिवॅट घेतो आणि स्थिती टिकवायची तेवढा वेळ घेतच राहतो. हा खर्च वाचवायचा म्हणून मी अँटिमनी सेलेनाइड हातात घेतलं. हे द्रव्य तापवून स्फटिक अवस्थेत नेता येतं किंवा विस्कळीत, म्हणजे अणू रांगेत नसलेल्या, अवस्थेत. पुन्हा लिहिता येणाऱ्या काही डीव्हीडींत याच जातीचं जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम असतं, पण ते स्फटिक झालं की आम्ही वापरतो तो 1550 नॅनोमीटरचा प्रकाश बराच गिळतं. अँटिमनी सेलेनाइड दोन्ही अवस्थांत जवळपास पारदर्शक राहतं, हे 2020 मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. अपवर्तनांक मात्र 3.3 वरून 4 पर्यंत जातो, आणि वीज बंद केली तरी तिथेच राहतो.

स्फटिक करायला 200 अंशांच्या वर थोडा वेळ ठेवलं की झालं. उलट जायचं तर 600 अंशांच्या वर वितळवायचं आणि अणूंना रांगेत बसायला उसंत मिळायच्या आत गार करायचं. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. द्रव्य तापवायला मी हीटरला 6 व्होल्टचा, 5 मायक्रोसेकंदांचा पल्स, म्हणजे विजेचा झटका, देत होते. चिपवर प्रकाशाची एक गोल वाट असते, रिंग; ती एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश अडवते आणि स्पेक्ट्रममध्ये तिथे खळगा, म्हणजे डिप, दिसतो. अपवर्तनांक बदलला की तो सरकतो. पदार्थ वितळत असणार, पण हा डिप जागचा हलत नव्हता. मग मी वेळ वाढवला, आणखी वाढवला. दोन हीटर जळाले, एकावरची फिल्म वरच्या सिलिकाच्या, म्हणजे काचेसारख्या, थरासकट उचलली गेली.

सरांनी पल्सचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपकडे बोट दाखवलं. "अगं, शेवट बघ याचा." पल्स जिथे कापल्यासारखा संपायला हवा, तिथे अ‍ॅम्प्लिफायरमुळे लांब शेपूट होतं. शिवाय 5 मायक्रोसेकंदांत उष्णता खालच्या सिलिकात मुरत होती, आणि सिलिका सिलिकॉनच्या मानाने उष्णता फारच हळू सोडते. गावचे लोहारकाका लाल विळा पाण्यात बुडवत, ती घाई मला हवी होती. मी मात्र भोवतालचं पाणीच आधी तापवत होते.

अ‍ॅम्प्लिफायर बदलला. पल्स 500 नॅनोसेकंदांवर आणला आणि व्होल्टेज 9 केलं. हे करताना भीती वाटली, कारण व्होल्टेज वाढवणं म्हणजे खर्च वाढवणं असंच डोक्यात बसलेलं. हिशेब उलटा निघाला. हीटर सुमारे 300 ओहमचा. आधी एका पल्सला 0.6 मायक्रोज्यूल जात होते, आता 0.14 च्या आत. आणि डिप सरकला! हळूच, डावीकडे, आपल्या जुन्या जागी. मी तोच प्रयोग सलग वीस वेळा केला.

आनंद ओसरल्यावर दुसऱ्या पल्सचा हिशेब मांडला. स्फटिक करायला मी 3.5 व्होल्ट 100 मायक्रोसेकंद देत होते, म्हणजे 4 मायक्रोज्यूल. वितळवण्याच्या जवळजवळ तीसपट! खरी वीज इथे जात होती. स्फटिक वाढण्याचा वेग 200 अंशांना कमी असतो, त्याच्या बराच वर जाऊन वाढतो आणि वितळण्याच्या जवळ पुन्हा पडतो. म्हणून 4 व्होल्ट करून पाहिलं; 40 मायक्रोसेकंदांत काम झालं, खर्च जवळजवळ निम्मा. एक पूर्ण फेरी आता सव्वादोन मायक्रोज्यूलांत होते. साधा हीटर तेवढी ऊर्जा 110 मायक्रोसेकंदांतच संपवतो. त्याहून भराभर स्विच करायचं असेल तर हे द्रव्य वापरण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. पण सेटिंग मिनिटभर जरी तसंच राहणार असेल, तर दुसरं काही वापरावंसं वाटत नाही.

गेल्या शनिवारी एक रिंग स्फटिक करून सप्लाय बंद केला, वायरही काढली. सोमवारी सकाळी नुसता लेझर लावला. डिप होता तिथेच होता.