आमची वाटचाल : नावाच्या भांड्यांपासून खणाच्या बटव्यापर्यंत

सांगली-कोल्हापूर भागात लग्नातला मान ठरलेला असायचा. पुरुषाला टॉवेल-टोपी नाहीतर फेटा, बाईला खण-नारळ, जवळच्या नात्यात साडी-चोळी. बाकीच्या पाहुण्यांना अत्तर, गुलाबपाणी, पानसुपारी आणि निघताना हातावर लाडू. आमचं दुकान या सगळ्याच्या कडेला उभं होतं, कारण आमचं मूळचं काम भांड्यांवर नावं घालण्याचं. आहेराची ताटं, डबे, तांबे, कळशा घेऊन पाहुणेच आमच्याकडे यायचे. पुढे पत्रिकांमध्ये ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ छापून येऊ लागली आणि दुकानात येणारं माणूस बदललं. आता यजमान येतात आणि विचारतात, येणाऱ्या प्रत्येक घराला काय द्यावं?

या प्रश्नाचं उत्तर देता देता आमचा धंदा घडला. पाहुणा वेळ काढून, प्रवास करून अक्षता टाकायला आला, त्याचा मान राखायचा, हा या भेटीचा अर्थ. म्हणून वस्तू किती महाग, याला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. ती घरापर्यंत नीट पोचली पाहिजे आणि पोचल्यावर कामाला आली पाहिजे. शोकेसमध्ये बसणाऱ्या चकचकीत मूर्ती आम्ही ठेवत नाही, त्या याच कारणाने.

नाव घालण्याचं काम अजून चालू आहे. हातातल्या मशीनची सुई ठिपके मारत जाते. जाड स्टीलवर अक्षर स्वच्छ उठतं, पण पातळ तांब्यावर तोच ठोका आतल्या बाजूने उमटतो. म्हणून पातळ तांब्या-पितळेवर आम्ही लेझरने नाव घालतो. तिथेही तांबं उजेड परतवतं आणि उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे स्टीलपेक्षा वेग कमी ठेवून दोनदा फिरवावं लागतं. नाव नेहमी बाहेरून, काठाच्या खाली. ताटाच्या आत घातलेल्या अक्षरांत अन्न अडकतं आणि घासणीने चार महिन्यांत नाव फिकं होतं. मजकूर वीस-पंचवीस अक्षरांत बसवावा : दोघांची नावं आणि तारीख. ‘शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ एवढंच वाटीची अर्धी कड व्यापतं, मग नावं बारीक करावी लागतात. सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऱ्हस्व-दीर्घात आणि ‘चि. सौ. कां.’ कोणाच्या नावाआधी लावायचं यात. फोनवर सांगितलेलं नाव आम्ही घेत नाही. कागदावर लिहून, दोन्ही घरांकडून सही होऊन आलं की मगच काम सुरू होतं. धातूवरचं अक्षर खोडता येत नाही.

‘जर्मन सिल्व्हर’चे करंडे हवेत म्हणून पुष्कळ जण येतात. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. बाजारात त्या नावाने पुष्कळदा नुसता मुलामा दिलेला हलका धातूही विकला जातो आणि तो पहिल्या पावसाळ्यात काळवंडतो. आम्ही पितळेचा लहान करंडा सुचवतो. तांब्याचा द्यायचाच असेल तर आत कुंकू भरून देऊ नये. कुंकवाला जरा ओल लागली की कडेला हिरवट थर धरतो. कुंकू वेगळ्या पुडीत द्यावं.

भांड्यांच्या जोडीला लाडू-चिवडा आला आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं. लग्नाच्या जेवणातला लाडू बुंदीचा, पण पाकिटात घरी पाठवायचा लाडू बेसनाचा असावा, असं आमचं ठाम मत आहे. बुंदीच्या लाडवाला एकतारी पाक लागतो. पाक कच्चा राहिला तर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत लाडवाला आंबूस वास येतो. पुढे गेला तर साखर परत दाणेदार होऊन लाडू दगड होतो. त्याच दिवशी पंगतीत वाढायचा असेल तर बुंदीसारखा लाडू नाही. पण पाहुणा कधी पाकीट उघडेल हे आपल्या हातात नसतं. बेसनाचा लाडू नीट भाजलेला असेल तर पंधरा दिवस सहज टिकतो.

आमचं प्रमाण असं : रवाळ बेसन १ किलो, तूप ५२५ ग्रॅम, पिठीसाखर ७७५ ग्रॅम, वेलदोड्याची पूड. यात ५० ग्रॅमचे साधारण ४५ लाडू होतात. १०० घरांना चार-चार लाडू द्यायचे तर ४०० लाडू, म्हणजे बेसन ९ किलो, तूप पावणेपाच किलो, साखर ७ किलो. पीठ मंद आचेवर भाजायचं आणि मिश्रण कोमट झाल्यावरच साखर घालायची. गरम असतानाच घातली तर साखर विरघळते, मिश्रण चिकट होतं आणि लाडू वळला तरी बसतो. अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या लग्नांना तूप किलोला ४७५ ग्रॅमवर आणतो, कारण मे महिन्यात बंद गाडीत तूप सुटून खोक्याचा तळ तेलकट होतो. त्याहून कमी केलं तर लाडू वाटेत फुटतात.

चिवडा आणि लाडू एकाच पिशवीत उघडे ठेवू नयेत. चिवडा ओल ओढतो, लाडवाला हिंग-मिरचीचा वास लागतो आणि दोन्ही वाया जातात. चिवडा फोडणीनंतर किमान चार तास पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरायचा; हाताला किंचित कोमट लागला तरी थांबायचं, कारण पुडीत वाफ धरते आणि चिवडा सादळतो. कढीपत्ता कुरकुरीत तळलेला हवा. खोबऱ्याचे काप चवीला छान, पण खवटपणा तिथूनच सुरू होतो, म्हणून आठवड्याहून जास्त ठेवायच्या चिवड्यात आम्ही ते घालत नाही. लाडवांसाठी चार बाय चार बाय दोन इंचांचं, ३०० जीएसएमच्या जाड कागदाचं खोकं, आत बटर पेपर. १०० ग्रॅम चिवड्याची पुडी वेगळी. त्यावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा क्रमांक हे सगळं येतं. लग्नाच्या पाकिटावर दोघांचा फोटो छापला म्हणून ही माहिती गाळता येत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची पातळ फिल्मही आहे, हे पुष्कळ यजमानांना माहीत नसतं. ती फिल्म आम्ही बंद केली आणि कागदी पट्टी लावू लागलो. त्याआधीपासून बाहेरच्या पिशवीचा प्रश्न होताच : पाहुणा ते खोकं, पुडी, नारळ कशात नेणार? त्यातून खणाचा बटवा आला.

खणाचं कापड आम्ही गुळेदगुड्डचं घेतो. ते गाव उत्तर कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे आणि इकडच्या बायकांच्या चोळीचा खण पिढ्यान्‌पिढ्या तिथून येत आला आहे. तयार बटवा सहा बाय आठ इंच हवा असेल तर सात बाय दहाचे दोन तुकडे कापावे लागतात : बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाई, खाली अर्धा इंच, वर नेफ्यासाठी दीड इंच. ३६ इंच पन्ह्याच्या मीटरभर कापडात असे १५ तुकडे निघतात, म्हणजे सात बटवे आणि एक तुकडा शिल्लक. काठ बटव्याच्या तळाशी यायला हवा असेल तर हा हिशेब मोडतो, कापड सव्वापट धरावं. नाड्या दोन, प्रत्येकी १८ इंच, समोरासमोरच्या तोंडांतून ओवलेल्या. एकाच नाडीचा बटवा एका बाजूला ओढला जातो. खणाचे धागे सुटतात, म्हणून ओव्हरलॉक किंवा सुती अस्तर हवंच. गडद लाल-हिरव्या खणाचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून रंग जातो का ते पाहिल्याशिवाय आम्ही थान कापत नाही. नारळ घालायचा असेल तर सहा बाय आठचा बटवा चालत नाही, दहा बाय बारा लागतो.

नारळ शेंडीसकट, हलवल्यावर पाणी वाजणारा, डोळ्यांपाशी कोरडा असा निवडावा. पोत्यात बांधून ठेवले की शेंडीला बुरशी धरते. म्हणून बटव्यात नारळ सगळ्यात शेवटी, आदल्या संध्याकाळी.

बटव्यात आत काय, याचं आमचं नेहमीचं माप : हळद १० ग्रॅम, कुंकू ५ ग्रॅम, एक हळकुंड, एक सुपारी, एक खारीक, एक बदाम आणि मूठभर, साधारण ५० ग्रॅम तांदूळ. हळद सांगलीचीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि नवी हळद बाजारात येऊ लागली की आम्ही हंगामाची खरेदी उरकतो. हळकुंड मोडून पाहावं, आत गर्द नारिंगी-पिवळं आणि मोडताना खणखणीत आवाज. पूड ग्लासभर पाण्यावर टाकून पाहावी. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी लगेच भडक पिवळं होतं. कुंकवाचं तर जास्तच जपावं लागतं. हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की लाल रंग येतो, जुन्या पद्धतीचं कुंकू त्यावरच उभं आहे. निव्वळ रंगाचं भडक कुंकू स्वस्त मिळतं, पण ते कपाळाला चुरचुरतं. सोलापूर जिल्ह्यातल्या केमचं कुंकू या भागात सर्वत्र जातं, तिथलाही माल आम्ही हळदीचाच मागून घेतो. तांदूळ पुडीत महिनाभराहून जास्त राहिले तर टोके होतात, म्हणून तांदळाच्या पुड्या शेवटच्या आठवड्यात भरायच्या.

ओटीच्या पाकिटांची मागणी पूर्वी ‘सवाष्णींपुरती’ अशी मोजून यायची. बाकीच्या बायकांना नुसता लाडू. हा फरक पंगतीत, सगळ्यांच्या देखत व्हायचा आणि ज्या बाईला बटवा मिळाला नाही ती मुलीची आजी किंवा मुलाची आईसुद्धा असायची. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आमच्या कामात त्याचा परिणाम दिसतो. ‘सगळ्या बायकांना एकसारखं’ ही मागणी आता वाढली आहे, आणि आम्ही स्वतःहून तीच सुचवतो. बटवा एक, कापड एक, आतलं सामान एक. कोणाला हळदीकुंकू नको असेल तर तिने ते घरी देवापुढे ठेवावं. पण देताना यजमानाने निवड करू नये. मान द्यायला बोलावलेल्या माणसाचा मानभंग होईल अशी भेट न दिलेली बरी.

किती पाकिटं लागतील, हा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. भेट घरटी एक असते, माणशी एक नाही. पत्रिका ४०० गेल्या असतील तर ४०० पाकिटं धरावीत असं वाटतं. पण एकाच पत्रिकेवर दोन भावांची वेगळी घरं येतात आणि ऑफिसातल्या एका पत्रिकेवर दहा जण येतात. म्हणून पत्रिकांची यादी घेऊन प्रत्येक नावापुढे घरांचा आकडा लिहावा, बेरजेवर दहा टक्के वाढवावेत. बटवे बायकांना माणशी द्यायचे असतील तर ती यादी वेगळी. परगावच्या, लग्नाला न आलेल्या वडीलधाऱ्यांसाठी वीस-पंचवीस पाकिटं बाजूला काढून ठेवावीत, कारण ती मागाहून आठवतात.

परदेशातून आलेल्या नातेवाइकांचा बटवा निराळा बांधतो. भारतातून नेलेला तांदूळ अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अडवतात. बिया, नारळ नेण्यावरही बंधनं असतात. त्यांच्यासाठी रिकामा बटवा आणि पितळेचा करंडा पुरे.

रोपं देण्याची आवड वाढली आहे आणि तुळशीचं रोप दारी लागलं तर त्याहून चांगली भेट नाही. मात्र उन्हाळ्याच्या भर दुपारच्या मुहूर्ताला आम्ही रोप सुचवत नाही. हॉलच्या दारात चार तास उभं राहिलेलं, मग गाडीच्या डिकीत गेलेलं रोप जगत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीतल्या लग्नांना द्यावं. पाणी आदल्या रात्री घालावं, सकाळी घातलं तर पिशवीतून चिखल गळतो आणि पैठणीला डाग पडतो.

वाटपाचं टेबल स्टेजजवळ मांडू नये. तिथे फोटोची रांग असते आणि अक्षता टाकून थेट जेवायला गेलेला पाहुणा तिकडे परत फिरकत नाही. आपल्याकडे अक्षतांनंतर तास-दीड तासात बहुतेक गर्दी निघते, म्हणून जेवणघराच्या बाहेरच्या दाराशी एक आणि मुख्य फाटकाशी एक अशी दोन टेबलं लावावीत. प्रत्येक टेबलावर मुलाकडचं एक आणि मुलीकडचं एक माणूस बसवावं, म्हणजे ओळख पटते आणि कोणी सुटत नाही. पाकीट दोन्ही हातांनी, नाव घेऊन, ‘या हं घरी’ म्हणत द्यावं. टेबलावर ढीग मांडून ‘घेऊन जा’ अशी पाटी लावली की काही घरं तीन-तीन नेतात आणि म्हातारी माणसं संकोचून रिकामी जातात. पाकिटं आम्ही पंचवीस-पंचवीसच्या पेट्यांत पाठवतो. किती उरली ते रिकाम्या पेट्या मोजून कळतं.

मागणीसाठी वेळ असा धरावा : नाव घातलेली भांडी महिनाभर आधी, खणाचे बटवे दीड महिना आधी, कारण ठरावीक रंगाचं थान मागावर विणून यावं लागतं. लाडू-चिवडा लग्नाच्या तीन दिवस आधी बनतो, त्याआधी नाही. आकड्यात बदल करायचा असेल तर तो बेसन भाजायला घेण्यापूर्वी, म्हणजे लग्नाआधी पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवावा.