बॉम जीझस चर्च: चांदीच्या पेटीपाशी धावण्याआधी

टूरच्या बसने जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जीझसच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत जपलेल्या चर्चच्या, वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास येतो. तेवढ्यात रांग, ढकलाढकली, ग्रुप फोटो, लिंबू सोडा, की चला पुढे मंगेशीला. आम्हाला ते नको होतं, म्हणून आई आणि मी पणजीहून साध्या बसने गेलो. पणजी स्टँडवरून फोंड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच बसेस जुन्या गोव्यावरून जातात. अंतर दहाएक किलोमीटर, तिकीट किरकोळ. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळ पडतं.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते, म्हणून आधीच सांगते: चपला काढाव्या लागत नाहीत. "अगं, देवासमोर चपला घालून?" हे आईचं बाहेर पडेपर्यंत चालू होतं. कपड्यांकडे मात्र लक्ष असतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समुद्रावरून थेट येणार असाल तर पिशवीत एखादी ओढणी किंवा लुंगी टाकून ठेवा.

आत शिरण्याआधी दहा मिनिटं बाहेर थांबा. अख्खं चर्च लालसर जांभ्या दगडाचं दिसतं, पण ते तसं दिसावं असं बांधणाऱ्यांच्या मनात नव्हतं. १५९४ मध्ये जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, पाया घातला, १६०५ मध्ये चर्च खुलं झालं, आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षं भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढायला लावला, दगड उघडा असला की इमारत जास्त जुनी आणि भारदस्त वाटेल म्हणून. जांभा पाणी पितो. कोकणात घर असलेल्या कुणालाही विचारा, गिलाव्याविना चिऱ्याच्या भिंतीचं पावसाळ्यात काय होतं. भिंतीजवळ गेलात की दगडाला पडलेली भोकं आणि झिजलेल्या कडा दिसतात. गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर चढवावा, फोटो थोडे कमी झकास येतील एवढंच. रस्त्यापलीकडचं से कॅथीड्रल पांढरंशुभ्र आहे, ते बघितलं की हेही कसं दिसत असेल याचा अंदाज येतो.

त्याच लाल भिंतीवर खांब आणि नक्षीकाम काळपट दगडात आहे. तो आपला काळा पाषाण, थेट वसईहून आणलेला. तेव्हा वसईही पोर्तुगिजांकडेच होती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला आणि मेणवलीला गेल्या हे आपल्याला पाठ असतं. वसईचा दगड त्याच्या कितीतरी आधी इथे येऊन बसला होता. नजर वर नेत गेलात की सगळ्यात वरच्या भागात आयएचएस ही अक्षरं दिसतात, ती जेझुइटांची खूण. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे कोरीव काम नीट बघायचं तर दुपारनंतर या. सकाळी ती सावलीत असते.

बाहेरची ही बाजू तशी शिस्तीतली आहे. बरोक म्हणतात तो युरोपातल्या भरगच्च, झगमगीत शैलीचा थाट आत, वेदीवर. जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूड, पीळ घातलेले खांब. गंमत अशी, की चर्च बाळ येशूच्या नावाचं, पण त्याची मूर्ती लहानशी खाली, आणि तिच्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस भलेथोरले, नजर वरच्या तेजोमंडलाकडे लावलेले. आपल्या संस्थापकाचा मान कुठे ठेवायचा हे त्या लोकांना चांगलं कळत होतं! उपदेशाचा लाकडी मंच चुकवू नका. तो खालून पेलणाऱ्या सात आकृत्या आहेत, बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघताच पुढे सरकतात. भिंतीतलं डों जेरोनिमो मास्करेन्यश यांचं स्मारकही तसंच दुर्लक्षित. कोचीनच्या या कप्तानाने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशावर हे चर्च उभं राहिलं.

आता संत फ्रान्सिस झेवियर, जेझुइट संघाचे धर्मप्रसारक. उजव्या हाताच्या दालनात उंच संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, त्यांचं शव १५५४ मध्ये गोव्यात आलं. पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३० च्या दशकात घडवली. खालचा चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा, टस्कनीच्या ड्यूक तिसऱ्या कोझिमोने पाठवलेला. संताच्या डोक्याखालची उशी कोझिमोला भेट मिळाली, तिची ही परतफेड, असं सांगतात. खालून शव फारसं दिसत नाही, त्यामुळे मान उंचावून धक्के खाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा चौथऱ्याच्या चारही बाजूंचे ब्राँझचे पट बघा, संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. छोटी दुर्बीण असेल तर चांदीवरचं कामही दिसतं. शव जवळून बघायची संधी साधारण दहा वर्षांनी एकदा येते. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं.

हे चालतं चर्च आहे, हे लक्षात असू द्या. बाकांच्या पुढे खाली जी पट्टी असते ती गुडघे टेकायला; तिच्यावर बूट ठेवून निवांत बसलेले पर्यटक बघून लाज वाटते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर मागे शांत बसायला हरकत नाही, पण पाद्री देतात ती पातळ चकती प्रसाद समजून घ्यायला रांगेत जाऊ नका, ती दीक्षित कॅथलिकांसाठीच असते. रविवारची सकाळ मिस्सांची, तेव्हा दुपारीच जा. फोटोंचे नियम दारात लिहिलेले असतात, ते वाचा. वेदीकडे पाठ करून पोझ देऊ नका, नियम काहीही असोत.

३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना. मोठी जत्रा भरते, खाजं, चणे, मेणबत्त्या, नवसाला वाहायचे मेणाचे हात-पाय. गर्दी आवडत असेल तर जरूर जा, वास्तू बघायची असेल तर ते दिवस टाळा.

से कॅथीड्रल आणि त्याच्या शेजारचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च त्याच फेरीत होतं. दुसऱ्यातली फरशी म्हणजे कोरीव थडग्यांचे दगड आहेत, जपून चाला. लागूनच पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद. आईचे गुडघे तिथे बोलायला लागले, म्हणून संत कायेतानचं चर्च आम्ही बाहेरूनच बघितलं. तुमचे गुडघे शाबूत असतील तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यापर्यंत चालत जा. दिवाडी बेटाची फेरीबोट तिथूनच सुटते आणि पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत.